पोटदुखी आणि एरंडेल

आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, दाह बहुधा बेंबीभोवतीच्या मोघम दुखण्याने सुरू होतो. अन्नावरची वासना उडते, मळमळू लागते. काही तासांनी वेदना ओटीपोटाच्या उजव्या बाजूस येऊन स्थिरावते. नेमक्या याच अवधीत घरातील वडीलधारी मंडळी एरंडेलाची बाटली काढतात. ही माया घातक होय! रेचकाने सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो.

बॉस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८६ साली या रोगाचे नामकरण करून त्वरित शस्त्रक्रियेचा आग्रह धरला. १८८९ मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स मॅकबर्नी यांनी कमरेच्या हाडाचे पुढचे टोक व बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर अतिवेदनेचा बिंदू दाखविला. सोनोग्राफीच्या या काळातही डॉक्टरांचा हात प्रथम तेथेच जातो.

१९०२ च्या जून महिन्यात राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असता इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांच्या पोटातील गळू फ्रेडरिक ट्रीव्ह्ज यांना चिरावे लागले. समारंभ ऑगस्टपर्यंत लांबला. राज्याभिषेक थांबू शकतो, तर मुलाची परीक्षा का थांबू नये?

अलीकडे केवळ प्रतिजैविकांनीही काही रुग्ण बरे होतात, हे खरे. फिनलंडमधील २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा शंभरांपैकी सुमारे ३९ जणांचा रोग पाच वर्षांत उलटला. मात्र तेथे प्रत्येकाचे निदान आधी सीटी स्कॅनने पक्के केलेले होते. घरगुती अंदाजाने गोळ्या देणाऱ्यांना या संशोधनाचा आधार घेता येणार नाही.