घाटातला जॉकी

पुण्याच्या रेसकोर्सवर शर्यतीचा जो छापील कार्यक्रम हाती पडतो, त्यात प्रत्येक घोड्यासमोर एका माणसाचे नाव असते. तो त्या घोड्याचा जॉकी. त्याने किती वजन घेऊन धावायचे हेही तिथेच छापलेले असते. चिखलीच्या घाटात मी गेली कित्येक वर्षे जातो आहे. तिथे ध्वनिक्षेपकावरून गाडामालकाचे नाव पुकारले जाते, त्याच्या गावाचे, बैलांचे, देणगीदारांचे आणि व्यासपीठावरच्या एकूणएक मान्यवरांचे नाव पुकारले जाते. गाड्यापुढे जिवाच्या कराराने घोडी पळवणाऱ्या पोराचे नाव मात्र मी क्वचितच ऐकले.

ज्यांनी पुणे जिल्ह्यातला बैलगाडा पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. सातारा-सांगलीकडे छकड्यावर गाडीवान असतो. आमच्या खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावात तसे नाही. इथे घाट म्हणजे चढणीचा, दोन्ही बाजूंनी गर्दीने भरलेला धावमार्ग. हलक्या गाड्याला चार बैल, गाड्यावर बहुधा कोणीच नाही, आणि या सगळ्यांच्या पुढे एक घोडी. बैल पळतात ते घोडीच्या मागे. निशाण पडले की ‘भिर्रर्र’ असा पुकारा होतो आणि दहा-बारा सेकंदांत बारी संपते. म्हणजे या साऱ्या शर्यतीत माणूस असा एकच, तो घोडीवरचा.

त्याचे कसब नेमके कशात आहे? घोडी जोरात पळवणे एवढेच त्याचे काम असते, तर ते बऱ्यापैकी स्वार असलेल्या कोणालाही जमले असते. पण घोडी फार पुढे गेली तर बैलांचा जोर मोडतो, सेकंद वाढतात आणि मालकाच्या शिव्या खाव्या लागतात. ती फार मागे राहिली तर चार बैलांची शिंगे आणि त्यांच्यामागचा गाडा अंगावर येतो. मधले अंतर काही हातांचे. ते राखायचे मागे नजर ठेवून, आणि वर पोहोचताच गर्दी चुकवून घोडी बाजूला काढायची. हे बारा सेकंदांत. माझ्या ओळखीच्या एका स्वाराला मी एकदा विचारले, की मागचे अंतर कळते कसे? तो म्हणाला, “काका, बघायला वेळ कुठं असतो? खुरांचा आवाज ऐकायचा.”

रेसकोर्सवरच्या जॉकीचे आयुष्यही सुखाचे नसते, हे इथे नमूद केले पाहिजे. पहाटे घोडे फिरवणे, वजन वाढू नये म्हणून भुकेले राहणे, आणि एखाद्या दिवशी घोड्याचा पाय अडखळला की सारे संपणे. कार्ल उम्रीगर हा विशीही न गाठलेला, अत्यंत गुणी जॉकी १९७९ साली महालक्ष्मीच्या शर्यतीत पडला आणि त्यातच गेला. जुने रेसप्रेमी आजही त्याच्याविषयी हळहळतात. त्याच्यानंतरच्या पिढीतल्या पेसी श्रॉफ यांनी आठ वेळा इंडियन डर्बी जिंकली, सुमारे साडेसतराशे शर्यती मारल्या आणि २००४ साली खोगीर उतरवून ते प्रशिक्षक झाले. हा आकडा मी इथे लिहू शकतो, कारण तो कोणीतरी लिहून ठेवला. शर्यतीपूर्वी जॉकीचे खोगिरासह वजन होते, शर्यतीनंतर पुन्हा होते. त्याने दुसऱ्याची वाट अडवली तर चौकशी होते आणि परवाना काही दिवसांसाठी काढून घेतला जातो. घोडे धावत असताना त्यांच्या पाठोपाठ रुग्णवाहिका धावते. धोका टळत नाही. पण धोका पत्करणारा माणूस कोण, हे सर्वांना ठाऊक असते.

आमच्या घाटातला विक्रमवीर कोण? मालकांची नावे मी सांगू शकेन, बैलांची तर लहान पोरेही सांगतील. चांगल्या बैलाची किंमत काही लाखांत जाते, त्याचे फोटो चौकातल्या फलकांवर झळकतात. कोणत्या स्वाराने आयुष्यात किती बाऱ्या मारल्या, हे सांगणारी वही मला आजवर कोणत्याही गावात सापडली नाही.

याचे मूळ, माझ्या मते, ही शर्यत न्यायालयात ज्या वाटेने गेली त्या वाटेत आहे. केंद्र सरकारने २०११ साली एक अधिसूचना काढली आणि खेळ करून दाखवण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या, सिंह यांच्या पंक्तीला बैल नेऊन बसवला. घोडा त्या यादीत नव्हता. पुढे ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतही बंद केली. तेव्हापासून आमच्या भागात एकच सवाल होता: रेसकोर्सवर घोडा पळतो तो चालतो, मग आमच्या बैलाने काय घोडे मारले? सवाल बिनतोड वाटतो. पण रेस वाचली त्याचे कारण निराळे होते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा नशिबाचा नव्हे, कौशल्याचा खेळ ठरवला, आणि त्या कौशल्यात घोड्याच्या तालमीबरोबर जॉकीचे कसबही धरले. प्रश्न तिथे जुगाराचा होता, क्रूरतेचा नव्हता. तरीही एका माणसाच्या हुनराची नोंद देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने घेतली.

बैलगाड्याचा खटला संस्कृतीच्या मुद्द्यावर लढला गेला. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा दुरुस्त केला, त्यावर उच्च न्यायालयात स्थगिती आली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. परंपरा आणि प्राण्यांना होणाऱ्या यातना, या दोन पारड्यांत सारे तोलले गेले. धावपट्टी किती लांब असावी, बैलाला चाबूक लावता येणार नाही, नियम मोडल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असे ठरले. नियमांचा रोख बैलावर आहे आणि तो असायलाच हवा. बैलांना होणारे हाल मी डोळ्यांनी पाहिले आहेत. परंतु घोडीवरचा माणूस दोन्ही पारड्यांच्या मधल्या दांडीवरून निसटला तो निसटलाच.

राजकारण्यांच्या नजरेतून मात्र घोडी सुटली नाही. खासदार अमोल कोल्हे यांनी शर्यती सुरू झाल्या तर आपण गाड्यापुढे घोडी धरू असा शब्द दिला होता, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत निमगाव दावडीच्या खंडोबाच्या यात्रेत त्यांनी तो पाळला. दुसऱ्या दिवशी सर्वत्र त्यांचे छायाचित्र होते. मला त्यांच्या धाडसाचे कौतुकच वाटले. फक्त मनात आले, की याच घाटात इतर स्वारही धावले असतील, त्यांचे छायाचित्र कोणी काढले?

त्याच वर्षीच्या मे अखेरीस चिखलीच्या जाधववाडीत जी शर्यत भरली, तिच्या बक्षिसांत जेसीबी होता, बोलेरो होती, ट्रॅक्टर होता आणि दुचाकींची तर रांग होती. बैल जिंकला आणि जेसीबी मिळाला! ज्या गावांच्या जमिनी औद्योगिक वसाहतीत गेल्या, ज्यांच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या, तिथे बैल आता नांगर ओढत नाही. तो जमिनीच्या पैशावर पोसला जातो, घराण्याचा मान म्हणून. भोसरीत मी राहायला आलो तेव्हा गाडा पळवणारे शेतकरी होते. आता ते चाळींचे, गोदामांचे आणि पाण्याच्या टँकरचे मालक आहेत. त्यात वाईट काही नाही. पण मालक बदलला तसा स्वारही बदलला. पूर्वी तो घरातला पुतण्या किंवा भाचा असे. आता तो बरेचदा बोलावून आणलेला, यात्रेगणिक पैसे घेणारा पोरगा असतो. नाते गेले आणि त्याच्या जागी करार काही आला नाही.

खुरांचा आवाज ऐकणारा तो माझ्या ओळखीचा पोरगा बंदीच्या वर्षांत चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला होता. शर्यती सुरू झाल्यावर रात्रपाळी करून सकाळी घाटात जाऊ लागला. २०२३ च्या उन्हाळ्यात एका यात्रेत घोडी घसरली. बैल बाजूने गेले, गाड्याचे चाक मांडीवरून गेले. गाडामालक भला माणूस, त्याने दवाखान्याचे पहिले बिल भरले. दुसरे बिल पोराच्या आईने डोरले मोडून भरले. कंत्राटदाराने तीन महिने वाट पाहण्याचे कारण नव्हतेच, त्याने दुसरा माणूस घेतला. ज्या कारखान्याच्या फाटकातून हेल्मेटशिवाय दुचाकी आत सोडत नसत, तिथला हा कामगार बोडक्या डोक्याने चार बैलांपुढे धावत होता, आणि त्या दिवशीच्या बक्षिसांतही एक दुचाकी होती.

परवानगीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो, बैलांची तपासणी होते, पशुवैद्य हजर ठेवावा लागतो. त्याच अर्जाला स्वारांच्या नावांची एक यादी आणि विम्याची एक पावती जोडायला कितीसा खर्च येईल? ज्या आयोजकांना बक्षिसात जेसीबी देणे परवडते, त्यांना डोक्याएवढे हेल्मेट न परवडण्याचे कारण दिसत नाही. एका गावच्या यात्रा समितीत मी हा विषय काढून पाहिला. एक वडीलधारे म्हणाले, “विमा काढला की पोरं घाबरतील, आधीच घोडीवर बसायला कोण तयार नसतं.” यावर मला पटकन उत्तर सुचले नाही.

पोरगा आता लंगडतो. मागच्या यात्रेत मला घाटाच्या वरच्या टोकाशी भेटला, घोड्या धरून उभा होता. मी म्हटले, बस की इथे, सावलीत. तो म्हणाला, “थांबा काका, ही बारी होऊ द्या,” आणि खालून येणाऱ्या आवाजाकडे त्याने कान लावला.