अरुंद विमानाचा एवढा बाऊ कशाला?

लांबच्या मार्गावर, तेही बिझनेस क्लाससाठी, मधे एकच वाट असलेलं विमान लावलं की ओरड ठरलेली: लाखांत पैसे मोजायचे आणि बसायचं मात्र मुंबई-नागपूरच्या विमानात! राग समजतो, पण नेम चुकतो.

एअर इंडियाने १९६० मध्ये न्यूयॉर्क गाठलं ते बोइंग ७०७ ने. त्याची केबिन आजच्या एअरबस ए३२१ पेक्षाही थोडी अरुंदच होती. कॉन्कॉर्डची तर जेमतेम २.६ मीटर, ए३२१ ची ३.७. कॉन्कॉर्डमध्ये बसणाऱ्याला कुणी बिचारा म्हटल्याचं ऐकिवात नाही.

मुळात बिझनेस क्लासचा प्रवासी पैसे मोजतो ते झोपेचे. जेटब्लू या अमेरिकन कंपनीने २०२१ मध्ये न्यूयॉर्क-लंडन मार्गावर ए३२१ लावलं. त्यात बिझनेसच्या २४ जागा, दोन्ही बाजूंना एकेक, सपाट पलंग होणाऱ्या, प्रत्येकीला स्वतःचं दार. याउलट ब्रिटिश एअरवेजच्या रुंद ७७७ मध्ये वर्षानुवर्षं एका रांगेत आठ जण असत. खिडकीजवळच्याला रात्री उठायचं तर शेजाऱ्याचे पाय ओलांडायचे. रुंदी होती, पण ती वाटून घ्यायला माणसंही तितकीच होती.

यावर हमखास येणारा मुद्दा असा, की निव्वळ बिझनेस क्लासच्या कंपन्या बुडाल्याच ना? बुडाल्या. २००८ मध्ये इऑस बुडाली, तिची विमानं अरुंद होती. पण मॅक्सजेट आणि सिल्व्हरजेटही त्याच सुमारास बुडाल्या, आणि त्या रुंद ७६७ उडवत होत्या! मारलं ते महागलेल्या इंधनाने. उलट ब्रिटिश एअरवेजचं ३२ जागांचं इवलंसं ए३१८ लंडन सिटी ते न्यूयॉर्क २००९ पासून कोविडपर्यंत उडत राहिलं. लंडन सिटीची धावपट्टी आखूड, म्हणून जाताना कमी इंधनावर उडायचं आणि आयर्लंडमधल्या शॅननला उतरून टाकी भरायची. तेवढ्यात अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकायचं. न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग नाही. अडचणीचीच सोय केली.

पुणेकरांना तर हे वेगळं सांगायला नको. परिसरात जर्मन कारखाने, साहेबांची सततची ये-जा, पण मोठं विमान रोज भरेल एवढी गर्दी नाही आणि धावपट्टीही बेताची. तरी लुफ्थान्झाने फ्रँकफर्ट-पुणे थेट सेवा चालवली, ती छोट्या विमानावरच. रुंद विमानाचाच हट्ट धरला असता तर मुंबईची टॅक्सी होतीच, घाटासकट.

उणिवा आहेत. ७८७ किंवा ए३५० या रुंद विमानांत केबिनमधला दाब सहा हजार फुटांवरच्या हवेइतका राखतात, ए३२१ मध्ये तो आठ हजार फुटांवरच्या हवेइतका कमी होऊ शकतो, थकवा जाणवतो. जेवणाची ट्रॉली वाटेत असली की स्वच्छतागृहाकडे जायची पंचाईत. हे खोटं नाही, पण यासाठी थेट विमान सोडून अनोळखी विमानतळावर चार तास काढणारा मला अजून भेटायचा आहे.

भांडायचंच असेल तर सात-आठ तासांच्या प्रवासात नुसती मागे रेलणारी खुर्ची बिझनेस म्हणून विकणाऱ्यांशी भांडा. खुर्ची पूर्ण सपाट होते की नाही, हे तिकीट काढतानाच, भाड्याच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत लिहायला लावा.