ही उचल कीं बेडी?

दसरा-दिवाळी आटोपली कीं कळंब, भूम, वाशी व परंडा या तालुक्यांतील रस्त्यांवर दरसाल एकच देखावा दिसतो. माणसें, पोरें आणि भांडींकुंडीं भरलेले ट्रक-ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात, आणि उन्हाळा लागेपर्यंत गांवांत म्हातारीं माणसें तेवढीं मागें उरतात. हा देखावा इतका अंगवळणीं पडला आहे कीं त्यांत विचार करण्याजोगें कांहीं आहे, हेंच आम्हां शहरवासीयांच्या ध्यानांत येत नाहीं.

पोटासाठीं परमुलखांत जाण्यांत कमीपणा नाहीं. अँड्र्यू फिशर हा स्कॉटलंडांतील कोळशाच्या खाणींत लहानपणींच उतरलेला मजूर. संघटनेच्या पायीं तेथें काम मिळेना, म्हणून १८८५ सालीं तो ऑस्ट्रेलियांत गेला. तेथेंही तो खाणींत राबला व तेथेंही संघटनेपायीं नोकरीस मुकला. परंतु १८९३ सालीं तो क्वीन्सलंडच्या विधानसभेंत निवडून आला आणि १९०८ सालीं मजूर पक्षाच्या वतीनें त्या देशाचा पंतप्रधान झाला. १९१२ सालीं त्याच्या सरकारनें बाळंतिणीस पांच पौंड देण्याचा कायदा केला. त्यांतून आशियाई व मूळ रहिवासी स्त्रियांना वगळलें होतें, हा डाग झांकण्याचें आम्हांस कारण नाहीं. तथापि परमुलखांतून आलेला खाणमजूर राज्यकर्ता झाला, एवढें खरें. मग आमच्या ऊसतोड मजुरांतून त्यांचा स्वतःचा पुढारी सहसा कां निपजत नाहीं?

उत्तर उचलींत आहे. फिशर खाणींत उतरला तो मजुरी मिळविण्यासाठीं. आमचा मजूर फडांत उतरतो तो आधींच घेतलेले पैसे फेडण्यासाठीं. फिशरला मालकानें काढून टाकलें. आमच्या मजुरास मुकादम सोडीतच नाहीं. नवराबायकोच्या जोडीस एक 'कोयता' म्हणतात, आणि एका कोयत्याची उचल आजकाल लाखाच्या घरांत जाते. एक दिवस काम चुकलें तर खाडा कापला जातो. शेजारच्या बीड जिल्ह्यांत २०१९ सालीं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या समितीनें केलेल्या पाहणींत सुमारें ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकीं १३ हजारांहून अधिक स्त्रियांचीं गर्भाशयें काढलेलीं आढळलीं. त्या सर्व शस्त्रक्रिया खाड्याच्या धास्तीनें झाल्या असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जिला आजारीपणाचा एक दिवसही परवडत नाहीं, ती वैद्याचा सल्ला स्वतंत्र बुद्धीनें घेते असें कोण म्हणेल?

संघटना मुळींच नाहींत असें नव्हे. जानेवारी २०२४ मध्यें तोडणीच्या दरांत ३४ टक्के वाढ मिळाली, ती संघटनांच्या रेट्यामुळेंच. परंतु मुकादम आणि मजूर एकाच झेंड्याखालीं बसतात. कारखान्याशीं भांडतांना या दोघांचें हित एक असेलही. हिशेबाच्या वेळीं तें एक कसें असेल? आमच्या व्यापारी वाचकांस हें चटकन् उमजेल. त्यांच्या खातेवहीचा उतारा ग्राहकास मागतां येतो. मुकादमाच्या वहींतलें स्वतःचें खातें मजुरास क्वचितच पाहावयास मिळतें.

कायदा दुबळा आहे असेंही नाहीं. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्यानें अशा बंधनाचें कर्जच रद्द ठरविलें आहे. १९८२ सालीं आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, किमान वेतनाहून कमी मोबदल्यांत घेतलेलें काम घटनेच्या २३ व्या कलमानें निषिद्ध अशा सक्तमजुरींत मोडतें. १९८३ सालीं फरिदाबादच्या दगडखाणींतील मजुरांच्या खटल्यांत त्याच न्यायालयानें सांगितलें कीं, सक्तीनें राबणारा मजूर उचलीपायींच राबतो असें गृहीत धरावें, व तसें नसल्यास तें मालकानें सिद्ध करावें. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी असें आम्ही म्हणत नाहीं. हंगामापूर्वीं गरिबास पैसा लागतोच. परंतु जी फिटेपर्यंत मजुरास फड सोडतां येत नाहीं, ती उचल नव्हे, बेडी होय.

तेव्हां कर्तव्य उघड आहे. या कायद्याची अंमलबजावणी जिल्हाधिकाऱ्यांकडे असून जिल्ह्यांत दक्षता समिती नेमण्याची तरतूद त्यांतच आहे. दसऱ्यापूर्वीं गांवोगांव प्रत्येक कोयत्याची नोंद व्हावी. उचल, दर व खाडा यांचा लेखी कागद नवरा व बायको या दोघांच्या नांवें त्यांच्या हातीं पडावा. आणि कारखान्यांनीं मजुरी मुकादमाच्या हातीं न देतां परभारें मजुराच्या बँकखात्यांत भरावी. आमच्या वकील बंधूंनीं हंगामाअखेर आठवड्यांतून एक दिवस हे हिशेब फुकट तपासून द्यावे. व्यापाऱ्यांचाही यांत स्वार्थ आहे, कारण फडांतून रिकाम्या हातीं परतलेला मजूर त्यांच्या दुकानाची पायरी चढत नाहीं. हिशेबाचा कागद हातीं आला म्हणजे मजूर प्रश्न विचारूं लागेल, आणि प्रश्न विचारणाऱ्यांतूनच उद्यांचा पुढारी निघेल. त्याची भीति वाटण्याचें कारण प्रामाणिक माणसास मुळींच नाहीं.