दोष आईच्या दुधाचा नाही

कॅलिफोर्निया राज्याने १९७५ साली एक नियम केला. सोफ्या-खुर्चीतला फोम उघड्या ज्योतीसमोर १२ सेकंद तग धरून राहिला पाहिजे, असा. घरे जळू नयेत, हा हेतू चांगलाच होता. कंपन्यांनी त्यावर सोपा उपाय शोधला आणि फोममध्ये अग्निरोधक रसायने मिसळली. त्यातली पीबीडीई नावाची ब्रोमिनयुक्त रसायने पुढे टीव्ही आणि संगणकाच्या प्लास्टिकमध्येही गेली. ती फोमशी वा प्लास्टिकशी घट्ट बांधलेली नसतात. हळूहळू सुटतात, घरातल्या धुळीत मिसळतात, धुळीतून हाताला आणि हातातून पोटात जातात. चरबीत विरघळत असल्याने शरीरात वर्षानुवर्षे साठून राहतात.

बाईच्या शरीरात साठलेले हे विष तिच्यापुरते राहत नाही. गर्भारपणात ते नाळेतून बाळाकडे जाते, जन्मानंतर दुधातून. स्वीडनमध्ये जपून ठेवलेले आईच्या दुधाचे जुने नमुने तपासले, तेव्हा १९७२ ते १९९७ या काळात पीबीडीईचे प्रमाण साधारण दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेल्याचे दिसले.

कॅलिफोर्नियाच्याच सॅलिनास खोऱ्यात ब्रेंडा एस्केनाझी यांच्या संशोधक गटाने मातांची गर्भारपणापासून आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी केली. बहुतेक माता मेक्सिकन वंशाच्या, शेतमजुरीवर जगणाऱ्या कुटुंबांतल्या. २०१३ साली निष्कर्ष आले. ज्या मातांच्या रक्तात ही रसायने जास्त होती, त्यांची मुले पाच ते सात वर्षांच्या वयात लक्ष देणे, बोटांचे बारीक काम आणि बुद्धिमापन यांत मागे दिसली. ही रसायने थायरॉइड संप्रेरकाच्या कामात ढवळाढवळ करतात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाच्या मेंदूची वाढ आईच्याच थायरॉइडवर अवलंबून असते. सोफ्याचा नियम ज्यांनी केला आणि त्यातून ज्यांनी नफा कमावला, त्यांनी या मजूर आयांना काही विचारले नव्हते. पुढे कॅलिफोर्नियाने नियम बदलला आणि रसायनांशिवाय पार करता येईल अशी चाचणी आणली.

आपल्याकडे हा प्रश्न सोफ्यावरून नव्हे, भंगारातून येतो. २००९ मध्ये स्टॉकहोम कराराने पीबीडीईच्या दोन प्रकारांवर बंदी घातली. भारताने २०१८ मध्ये नियम करून ते प्रतिबंधित केले. पण कागदावरच्या बंदीने जुन्या टीव्हीच्या खोक्यातले रसायन नाहीसे होत नाही. ते दिल्लीच्या सीलमपूरला जाते, मुरादाबादला जाते, आपल्या मुंबईत कुर्ल्याला आणि धारावीला येते. तिथे ते फोडले, सोलले, जाळले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार जगभरात १ कोटी २९ लाख स्त्रिया असंघटित कचरा व्यवसायात आहेत. यातल्या अनेक वस्त्या आपल्या आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. घरात बसून करायच्या कामात मुस्लिम स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच सांगितले. जिथे वायर सोलली जाते, त्याच खोलीत पाळणा टांगलेला असतो.

मी संगणकावर पोट भरणारा माणूस. ऑफिसात दर तीन-चार वर्षांनी नवी यंत्रे येतात. जुनी कुठे जातात, हे आम्ही कोणी विचारत नाही. या साखळीचे एक टोक आमच्या हातात आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. हे वाचून कोणत्याही आईने बाळाला अंगावर पाजणे थांबवू नये. दुधाचे फायदे या धोक्याहून मोठे आहेत. कुरआनने दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख केला आहे, जागतिक आरोग्य संघटनाही दोन वर्षे आणि पुढेही पाजा असेच सांगते. दूषित झाले आहे ते आईच्या भोवतालचे जग. ते स्वच्छ करण्याची जबाबदारी तिच्या एकटीवर टाकता येणार नाही.

'असले काम सोडून द्या' हा सल्लाही फुकाचा आहे. चूल कशी पेटायची, याचे उत्तर त्यात नाही. २०२२ च्या ई-कचरा नियमांनी राज्य सरकारांवर काही जबाबदाऱ्या टाकल्या आहेत. सुटे भाग करणाऱ्या कामगारांची नोंदणी करायची, त्यांना प्रशिक्षण द्यायचे, औद्योगिक जागा किंवा शेड राखून ठेवायची, त्यांच्या आरोग्यावर लक्ष ठेवायचे. आपल्या वॉर्डात यातले काय झाले, हे नगरसेवकाला आणि कामगार खात्याला लेखी विचारले पाहिजे. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे.

तोवर वस्तीपुरते एवढे तरी करता येईल. काम झोपायच्या खोलीबाहेर न्यावे. वायर आणि प्लास्टिक जाळू नये. कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्याने पुसावे. बाळाला घेण्याआधी हात धुवावेत आणि कामाचे कपडे बदलावेत. जुम्याच्या बयानात आणि महिला मंडळाच्या बैठकीत यावर पाच मिनिटे बोलले गेले, तरी ते ज्या घरापर्यंत पोहोचायला हवे, तिथे पोहोचेल.

तहारत हा ईमानाचा भाग आहे, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. वजूच्या पाण्याची जेवढी काळजी आपण घेतो, तेवढी बाळाच्या पहिल्या घोटाचीही घेऊ.