विश्लेषण : पर्यायी वाट ५० मिलिसेकंदांत, तरी भिवंडीचे गोदाम ठप्प का?

मानकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यातील गोदामांतून निघणारा माल आता दोन रस्त्यांनी जातो. एक डांबरी, दुसरा ऑप्टिकल फायबरचा. ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात न्यायचा तर ई-वे बिल लागते आणि ते ऑनलाइन निघते. इंटरनेट गेले की भरलेला ट्रक फाटकातच उभा राहतो. चालकाची फेरी बुडते, हमालांचे काम थांबते. वास्तविक केबल तुटली तरी डेटा क्षणार्धात दुसऱ्या वाटेने वळवण्याचे तंत्र वीस वर्षे जुने आहे. मग अडते कुठे?

केबल तुटल्यावर नेमके काय होते?

डेटाचे पाकीट कोणत्या वाटेने पुढे पाठवायचे हे ठरवणारे यंत्र म्हणजे राउटर. शेजारचे राउटर एकमेकांना ठरावीक अंतराने ‘मी आहे’ असा निरोप देत राहतात. ओएसपीएफ या प्रचलित पद्धतीत हा निरोप सहसा दर १० सेकंदांनी जातो. ४० सेकंद तो आला नाही की शेजारी गेला असे मानले जाते. केबल थेट राउटरला जोडलेली असेल तर प्रकाश गेल्याचे लगेच कळते. मध्ये दुसरे यंत्र असेल तर मात्र या ४० सेकंदांची वाट पाहावी लागते. त्यानंतर बातमी सगळ्या राउटरना कळवायची, प्रत्येकाने नवा नकाशा मांडायचा आणि मग वाहतूक वळवायची. सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणाऱ्या भरलेल्या वाहिनीवर ४० सेकंदांत ५० गिगाबाइट डेटा वाया जातो.

जलद पर्यायी मार्ग कसा निघतो?

यासाठी दोन गोष्टी केल्या जातात. पहिली, बिघाड लवकर ओळखणे. बीएफडी या पद्धतीत दोन राउटर सेकंदाला अनेक वेळा एकमेकांची चाहूल घेतात. ५० मिलिसेकंदांच्या अंतराने पाठवलेले तीन निरोप चुकले तर दीडशे मिलिसेकंदांत बिघाड कळतो. दुसरी आणि अधिक महत्त्वाची गोष्ट म्हणजे पर्याय आधीच ठरवून ठेवणे. ठाण्याहून भिवंडीला येणाऱ्या मुरलेल्या चालकाला कशेळीचा रस्ता तुंबला तर मानकोलीकडून महामार्गाने जायचे हे आधीच ठाऊक असते. तो बाळकुमला थांबून नकाशा उलगडत बसत नाही. राउटरही तसाच दुसरा शेजारी आधी निवडून ठेवतो आणि पहिली वाट बंद होताच त्याच्याकडे डेटा सोपवतो. एमपीएलएस जाळ्यांसाठी याचे प्रमाणित तंत्र २००५ मध्ये आले, साध्या आयपी जाळ्यांसाठी २००८ मध्ये. बिघाड कळल्यापासून सुमारे ५० मिलिसेकंदांत वाहतूक वळवणे, हे या तंत्रांचे उद्दिष्ट. पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो.

एक अट मात्र असते. निवडलेल्या शेजाऱ्याने डेटा पुन्हा आपल्याकडेच परत पाठवता कामा नये. तसे झाले तर दोन नाक्यांवरचे हवालदार एकच गाडी एकमेकांकडे पिटाळत राहावेत, तशी गत होते.

मग अडचण यंत्राची की खड्ड्याची?

बहुतांशी खड्ड्याची. कागदावर दोन केबल असतात, दोन कंपन्यांची बिलेही येतात. पण दोन्ही एकाच चरातून, एकाच पुलाला लटकून किंवा एकाच खांबावरून आलेल्या असतात. जेसीबीचा एक घाव दोन्ही तोडतो. राउटर कितीही हुशार असला तरी नसलेली वाट तो शोधू शकत नाही. तांत्रिक भाषेत याला सामायिक जोखमीचा गट म्हणतात. समुद्रातही हेच घडते. जानेवारी २००८ मध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताच्या आंतरराष्ट्रीय क्षमतेचा मोठा हिस्सा गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाजवळ मुंबईत येणाऱ्या दोन केबलना फटका बसला. तेव्हा इतर वाटा होत्या म्हणून काम मंदावले, थांबले नाही.

भिवंडीत तर जमीन सतत उकरली जाते. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो, माजिवडा ते वडपे महामार्गाचे रुंदीकरण, आमणे येथे येऊन पोहोचलेला समृद्धी महामार्ग आणि त्याभोवती वाढणारी गोदामे. असमन्वित खोदकामामुळे केबल तुटून देशाचे वर्षाला सुमारे ३ हजार कोटी रुपयांचे नुकसान होते, असे केंद्र सरकारनेच सांगितले आहे. खोदण्यापूर्वी केबलमालकाला कळवण्यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणले गेले. ॲप आहे, ठेकेदाराने ते वापरावे, ही सक्ती प्रत्येक कामाच्या परवान्यात दिसायला हवी.

दुसरी वाट असली की पुरे का?

नाही. त्या वाटेत ओझे पेलण्याची ताकद हवी. याचा धडा भिवंडी तालुक्यातूनच मिळाला आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई, ठाणे, नवी मुंबई अंधारात गेली. त्या वेळी कळवा-पडघा ४०० केव्ही वाहिनीच्या एका सर्किटची देखभाल सुरू होती, भार दुसऱ्यावर होता आणि त्यातही बिघाड झाल्याचे तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी सांगितले होते. पर्याय होता, पण त्याच वेळी त्याच्यामागे दुसरा पर्याय उरला नव्हता. इंटरनेटचेही तसेच. एरवीच ८० टक्के भरलेल्या दोन वाहिन्या एकमेकींचा आधार होऊ शकत नाहीत. एक पडली की १६० टक्के भार दुसरीवर येतो आणि तीही गुदमरते.

काय बदलायला हवे?

ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार जिल्हास्तरावर चार तासांहून अधिक काळ सेवा बंद राहिली तर कंपन्यांनी ट्रायला कळवावे लागते, आणि २४ तासांहून अधिक खंड पडला तर ग्राहकाला सवलत द्यावी लागते. पाऊल योग्य, पण माप मोठे आहे. ठाणे जिल्हा सुरू असतानाही पूर्ण्यातील गोदामांची एक रांग दिवसभर बंद राहू शकते. हे माप तालुका आणि औद्योगिक पट्ट्यापर्यंत खाली आले पाहिजे.

महापालिका, एमएमआरडीए आणि ग्रामपंचायतींनी कोणत्या चरातून कोणाची केबल जाते याची एकत्रित नोंद ठेवली पाहिजे. ती नसेल तर ‘दोन वेगळे मार्ग’ या दाव्याची खातरजमाच होऊ शकत नाही. गोदाममालकांनीही दुसरी जोडणी घेताना स्वस्त कोणती यापेक्षा ती कोणत्या रस्त्याने येते, हे आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. एक फायबर आणि एक वायरलेस, अशी जोडी छोट्या व्यापाऱ्यालाही परवडते. ई-वे बिल एसएमएसनेही काढता येते; त्यासाठी मोबाइल क्रमांकाची नोंदणी आधी करावी लागते, अडचण आल्यावर नव्हे. आणि महिन्यातून एकदा, काम कमी असताना, मुख्य जोडणी मुद्दाम काढून पाहावी. न तपासलेला पर्याय ऐन वेळी दगा देतो.

हा खर्च कोणी करायचा, हा वाद कंपन्या, पालिका आणि गोदाममालक यांच्यात चालू राहील. पण आज तो खर्च फेरी बुडालेला चालक आणि रोजंदारी गमावलेला हमाल करतो आहे. ज्यांच्या हाती ना केबल ना राउटर, त्यांच्या खिशातून ही तूट भरून निघणे योग्य नाही.