इळा-कुऱ्हाड म्हणजे हत्यार नव्हे



पुसदच्या बाजारातून कुऱ्हाडीला धार लावून येताना वाटेत कोणी अडवलं, की आपला माणूस घाबरतो अन् कुऱ्हाड तिथंच सोडून घरी येतो. चुकतं ते इथंच.

1959 चा शस्त्र कायदा सांगतो, फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेली वस्तू शस्त्र नव्हे. तलवार, खंजीर, भाला हे वेगळं. 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याचा सुरा नियमांत शस्त्र धरला जातो; पण घरच्या, शेतीच्या कामाचा असेल तर तिथंही सूट आहे. इळ्याला लायसन लागत नाही.

मग धोका कुठं? दोन ठिकाणी. 1951 च्या पोलीस कायद्यातल्या कलम 37 चा मनाई आदेश लागला, की काठीसुद्धा घेऊन फिरता येत नाही. दुसरं, 1927 च्या वन कायद्याचं कलम 52. जंगलगुन्हा झाला असं मानायला कारण असेल तर वनवाले कुऱ्हाड, गाडी, बैलसुद्धा जप्त करू शकतात. पण जप्त मालावर खूण करून मॅजिस्ट्रेटला कळवावं लागतं. म्हणून पंचनामा मागा. वाचून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका.

आता आपल्यासाठी एक गोष्ट. मोर्चाला इळा-कुऱ्हाड आणू नका, दारू पिऊन तर हातात धरूच नका. नाहीतर जमिनीची मागणी बाजूला राहते अन् केस तेवढी उभी राहते.

कुऱ्हाड रानात, कागद मोर्चात!