टायर घरी बसवा, पण हवा पिंजऱ्यातच!

गणपतीला गावी जाताना माणगावात अडकला नाही असा चाकरमानी शोधून सापडायचा नाही. पुढच्या वेळी अडकलात की मोबाइलमधून डोकं वर काढा आणि रस्त्याकडेच्या टायरच्या दुकानांकडे बघा. ट्रकचं चाक जमिनीवर आडवं, त्यावर वाकलेला आपल्याच वयाचा एखादा मुलगा, एका हातात हवेची नळी, दुसऱ्या हातात हातोडा. हे चित्र इतकं सवयीचं आहे की त्यात काही धोका असेल असं वाटतच नाही. म्हणूनच घरी ट्रक किंवा डंपर असला की ‘दुकानात कशाला पैसे घालवायचे, अंगणातच बसवू टायर’ असं कोणीतरी म्हणतंच.

काटकसर मला पटते. दिघी बंदर, विळे-भागाड एमआयडीसी, ताम्हिणीमार्गे पुणे असा माल माणगाववरून सतत ये-जा करत असतो. त्यातल्या एकेका गाडीवर अख्खं घर चालतं, वर बँकेचा हप्ता असतोच. जॅक लावणं, नट खोलणं, टॉमीने टायर उचकटणं, ट्यूब आणि फ्लॅप नीट घालणं ही कामं घरच्या मुलांनी शिकायलाच हवीत. माझा आक्षेप फक्त शेवटच्या पायरीला आहे: उघड्यावर हवा भरण्याला.

बाइकच्या टायरमध्ये साधारण 30 पीएसआय हवा असते. ट्रकच्या टायरमध्ये 100 किंवा त्याहून जास्त. 100 पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर सुमारे 45 किलोंचा जोर. तळहाताएवढी, चार बाय चार इंचांची जागा घ्या. तिच्यावरच 700 किलोंपेक्षा जास्त भार आला. आता अख्ख्या टायरचा हिशेब तुम्हीच करा. तो किलोंत मावत नाही, टनांत जातो.

आता जुन्या ट्यूबवाल्या ट्रकचं रिम बघा. ते एकसंध नसतं. टायर जागच्या जागी धरून ठेवायला त्यावर एक लोखंडी लॉक रिंग चढवतात. ती गंजलेली असली, वाकलेली असली, खाचेत नीट बसली नसली तरी सुरुवातीला काहीच कळत नाही. हवा भरत जाते आणि एका क्षणी रिंग सुटते. तेव्हा चाकावर वाकलेल्या माणसाला मागे सरकायलाही वेळ मिळत नाही. रिंग हातोडीने ठोकून ‘बसवायची’ सवय तर याहून घातक.

यावर उपाय आहे आणि तो जुना आहे. अशा सुट्या भागांच्या रिमसाठी अमेरिकेने 1980 मध्येच नियम केला: हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात किंवा तशाच अडसरात हवं, नळी लांब हवी, तिच्यावर मीटर आणि वॉल्व्हला चिकटून राहणारी क्लिप हवी, म्हणजे माणूस बाजूला उभा राहू शकतो. चाक खोलण्याआधी वॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडायची, हेही त्यातच आलं.

‘आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच करतात, काही झालं नाही,’ हे उत्तर तुम्हाला मिळेलच. पण ज्यांना काही झालं, ते हे सांगायला दुकानात बसलेले नसतात. आणि पेट्रोल ओतून, काडी लावून टायर फटकन बसवण्याच्या रील्स? त्या लाइक करण्याआधी एकदा विचार करा, जमलं नाही तो व्हिडिओ कोण टाकणार?

माणगाव तालुक्यातच, लोणेरेला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. दरवर्षी प्रोजेक्टसाठी विषय शोधत फिरणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, हा घ्या विषय: हायवेवरच्या छोट्या टायरवाल्याला परवडेल आणि वापरताना कंटाळा येणार नाही असा पिंजरा. जोर नीट मोजून, वेल्डिंग तपासून, प्राध्यापकांच्या देखरेखीखाली.

आणि तोवर? टायर घरी चढवलात तरी हवा भरायला चाक पिंजरा असलेल्या दुकानातच न्या. जवळपास तसं दुकान नसेल तर गाडीमालकांनी तिथल्या टायरवाल्याकडे पिंजऱ्याचा आग्रह धरावा. गिऱ्हाईक मागेल ते दुकानात येतं. चहाबरोबर बिस्किटं आपण मागतोच की, मग हा पिंजरा का नाही?